चार कोपरे

भर दुपारी हरणाबाई देवळापुढं एका पायावर उभी राहून वीस मोजत होती. बघायला गावात कुणी नव्हतं. धडधाकट तेवढे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. ते पाडव्याशिवाय येत नसत. पाडव्याला दीड महिना होता आणि हरणाबाईच्या छातीत कालपासून कळ येत होती.

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी भिमाबाई अशीच हंगामाच्या मधेच मेली. खांद्याला चौघं मिळेनात म्हणून दोन दिवस घरातच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी एसटी थांबवून ड्रायव्हर, कंडक्टर आणि दोन उतारूंनी तिला नेलं. बाकीचे उतारू खिडकीतून बघत होते.

गावातल्या केशरबाईला ते लागलं. वाशीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला गुडघ्यासाठी व्यायाम सांगितला होता. हात न टेकता दहादा उठायचं, एका पायावर वीस मोजायचं, टाचेला चवडा लावून सरळ चालायचं. तिनं तो स्वतःसकट गावात उरलेल्या पाचही म्हाताऱ्यांना लावला आणि वर एक शिडी आणली. चौघींनी खांदा द्यायचा, पाचवीनं वर झोपायचं. रोज पाळी बदलायची.

"आमच्यात डोला ऱ्हातो, बाई," नसीमबी म्हणाली.

"डोला काय न् तिरडी काय, कोपरे चारच. उचल पाय! डावा आधी!"

दोन महिन्यांत मांड्या भरल्या. तोल जायचा थांबला. पहिली गेली तिला चौघींनी नेलं, शिडी जराही हिंदकळली नाही. दुसरीला तिघींनी नेलं. नसीमबीला दोघींनी, एक पुढं, एक मागं. केशरबाईला मागच्याच महिन्यात हरणाबाईनं एकटीनं पाठीवर नेलं. सगळ्या ऐन हंगामातच गेल्या. पाडव्यानंतर मरायचं एकीलाही सुचलं नाही.

सगळ्यात मनापासून व्यायाम हरणाबाईनंच केला होता. म्हणून तर ती मागं राहिली. हे आता तिच्या ध्यानात आलं होतं आणि नर्सबाईचा तिला लई राग येत होता. आपल्यासाठी एसटी थांबवायलासुद्धा गावात कुणी नाही.

वीस झाले. पाय खाली टेकवून ती शिडीकडं गेली. पुढचा उजवा कोपरा तिचा. एकटीनं उचलला तर बाकीचे तीन घासत येणार, हे ठाऊक होतं. तरी सवयीनं ती वाकली.

तिचा हात लागायच्या आत शिडी उठली. चारी कोपरे एकदम, कमरेइतके, जराही न हिंदकळता. धुळीत चार पावलं उमटली. चारही डावी.

"वाकतीस कशाला, हरणे?" मागून केशरबाई खेकसली. "चौघी झालो की आमी. आज तुजी पाळी. झोप वर."