फोटोमामाची तक्रार

साहेब, मिरवणूक तुम्ही बंद केलीत ती केलीत, वर आमच्यातच भांडण लावून दिलंत. कसं, ते नीट वाचा.

आमच्या बँडमधल्या वाजवणाऱ्यांच्या तीन पिढ्या फोटोमामाच्या कॅमेऱ्यात आहेत. मिरवणूक निघाली की मामा सगळ्यांच्या पुढे, तोंड बँडकडे, अनवाणी, उलटा चालत. मामी त्याच्या शर्टाचं टोक धरून असते. खड्डा आला, गाडी आली की ओढते. "बाकीच्या बायका नवऱ्याच्या मागे चालतात," ती म्हणते, "मी नवऱ्यालाच मागे मागे चालवते."

फोटो काढण्याआधी मामा मोठ्या ढोलावर तळहात ठेवतो. कातडं सैल असेल तर मान हलवतो. ढोलवाला निमूट दोऱ्या आवळतो. त्या गोंगाटात सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात. मामाही.

यंदाची मिरवणूक बँडमास्तरांची शेवटची. गुडघ्यांनी दगा दिलाय. "एकदा मोठ्या रस्त्यावरून चालू द्या, मग बसतो खुर्चीला चिकटून," म्हणाले. परवानगी आणायला त्यांनी ट्रम्पेटवाल्याला तुमच्याकडे धाडलं. गडी नवा, पलीकडच्या वस्तीतून याच महिन्यात आलेला. फुंक जबरदस्त, डोकं त्याहून गरम.

तुमच्या कचेरीत भिंतीवर मामानेच काढलेला फोटो होता. फुगलेले गाल, ढोलावर पडता पडता थांबलेली काठी.

"काय फोटो आहे! नुसता बघितला तरी ढोल कानात घुमतो," तुम्ही म्हणालात. तुम्ही नुकतेच मोठ्या रस्त्यावर राहायला आला होतात. "पण परवानगी मिळणार नाही. आवाजाची तक्रार आहे."

"कुणाची?"

तुम्ही फोटोकडे बोट केलंत. "हा ज्याने काढला त्याची. तुमचाच माणूस. स्वतः फोन केला मला. अर्धा तास बोलत होता. ढोलांनी डोकं फुटतं म्हणाला."

ट्रम्पेटवाला तिथून तडक मामाच्या दारात. दार बडवून हात लाल झाले, कुणी उघडेना. शेवटी दारावरचं घंटीचं बटण दाबलं. आत दिवा लुकलुकला आणि मामा हसत बाहेर आला. ट्रम्पेटवाल्याला बघताच आत गेला आणि त्याचाच नवा फोटो घेऊन आला. त्याला वाटलं, तेवढ्यासाठीच आलाय.

"आमच्या जिवावर नाव कमावलंत, आणि आमचाच गळा दाबलात?"

मामाने फोटो पुढे केला.

"बोला की! साहेबांपुढे बरं तोंड चाललं!"

मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. हसू हळूहळू मावळलं.

"दातखीळ बसली ना? बसणारच!" ट्रम्पेटवाल्याने फोटो हिसकावला आणि टराटरा फाडला.

मामा उंबऱ्यात बसला आणि तुकडे गोळा करू लागला.

तेवढ्यात मामी भाजीची पिशवी घेऊन आली. "अरे मेल्या, हे काय केलंस? दोन दिवस खपत होता तो त्यावर!"

"यालाच विचारा, मामी. मास्तरांची शेवटची मिरवणूक याने घालवली. याला म्हणे आवाज सोसत नाही!"

"कोण म्हणतं?"

"साहेब. याने फोन केला त्यांना. अर्धा तास."

मामीने पिशवी खाली ठेवली, मामाच्या पाठीमागे गेली आणि त्याच्या कानाशी दोन्ही हातांनी काडकन टाळी वाजवली.

ट्रम्पेटवाला दचकला. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

मामा आपला खाली मान घालून गालाचा तुकडा गालाला जुळवत होता.

साहेब, परवानगीचं नंतर बघू. आधी उत्तर द्या. आईची हाकसुद्धा ज्याच्या कानावर जन्मात कधी पडली नाही, तो मामा अर्धा तास तुमच्याशी फोनवर काय बोलला?