मनगट सरळ

“आज मनगट फिरवायचं नाही, शालू. बॉल सिधा सोडायचा,” संजयराव मुलीच्या कानाशी म्हणाले आणि क्रिकेट संघाच्या निवडीसाठी नागपूरहून आलेल्या सरांकडे पाहून लगेच हसले.

“मंग माहं काय दिसन त्यायले?” शाल्मलीने विचारलं.

“तुहं नंतर. आज क्षितिजचं पाहू. त्याचं जमलं का पुढच्या महिन्यात तुले मुलींच्या ट्रायलले नागपूरले नेतो. शब्द देतो ना!”

शब्द मिळाला म्हणजे शाल्मलीला सगळंच मिळालं. सतरा वर्षांची पोर. बापाच्या शब्दावर अजून विश्वास होता तिचा.

दारव्ह्यातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात ही सिमेंटची पट्टी संजयरावांनीच खटपट करून तयार करून घेतली होती. हौस सगळी धाकट्या क्षितिजसाठी. पोरगा वेगवान चेंडू झोडपायचा, पण लेगस्पिन, म्हणजे टप्पा पडून बाहेर वळणारी फिरकी, आली की त्याची भंबेरी उडायची. सराव द्यायला कोण? घरात मोठी बहीण होतीच की. मोबाइलवर बघून बघून संजयरावांनी तिला तयार केली. मनगट मागे दुमड. हात कानाला घासून वर आण. सोडताना अनामिकेने चेंडूला पीळ दे. शाळेआधी तेच, शाळेनंतर तेच. मनगट सुजलं की आई हळदीचा लेप लावायची आणि बाबा जेवताना खुशीत सांगायचे, क्षितिजचा पाय आता मस्त पडून राह्यला. मनगटाची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

शाल्मलीला मात्र त्या मनगटाची गोडी लागली. चेंडू टप्पा पडून बाहेर वळला की तिच्या अंगावर काटा यायचा. भावाशिवाय दुसऱ्या कुणाला तरी एकदा असा चेंडू टाकावा, एवढंच तिला वाटायचं.

“फिरकी टाकणारं कोणी आहे का?” सरांनी विचारलं, तेव्हा संजयराव तयारच होते. “घरचीच पोरगी टाकते, सर.” डाव त्यांच्या मते बिनतोड होता. पोरगी सोपे चेंडू टाकणार, पोरगा ते पिटाळणार, सर खूश होऊन त्याचं नाव यादीत घालणार. स्वतःच्या डोक्यावर फार भरवसा असलेल्या माणसांना असे डाव सुचतात.

सरांना ऊन सोसेना. त्यांनी खुर्ची बाजूच्या निंबाखाली घेतली. बाजूने बसलं की चेंडू वळला की सरळ गेला, हे काही कळत नाही. ते फक्त दोघांना कळतं, टाकणाऱ्याला आणि खेळणाऱ्याला.

शाल्मली धावत आली. हात कानाजवळून वर गेला, मनगट ताठ, तळवा थेट क्षितिजकडे. चेंडू मधल्या स्टंपच्या रेषेत पडला आणि गरीब गाईसारखा सरळ गेला. क्षितिजने पाय पुढे टाकून बॅट बाहेर नेली, रोज चेंडू वळून जिथे जातो तिथे. आज तो तिथे गेलाच नाही. स्टंप स्टँडसकट आडवे झाले.

शाल्मलीच्या लगेच लक्षात आलं. आजवर तिने त्याला सरळ चेंडू टाकलाच नव्हता. तिचं मनगट बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. चेंडू उचलायच्या निमित्ताने ती त्याच्याजवळ गेली.

“सिधा येऊन राह्यला रे. आज वळवत नाही मी. बाबानं सांगतलं.”

क्षितिजने मान हलवली. डोक्याला कळलं, पण पायांना कुठे कळतं? दुसऱ्या चेंडूलाही बॅट बाहेरच गेली आणि स्टंप पुन्हा खाली आले.

आता एक वळवला तर? तो डोळे मिटून मारेल. शिवाय सरही बघतील. तिची बोटं शिवशिवली. तिने निंबाकडे पाहिलं. सरांच्या खुर्चीमागे बाबा उभे होते, घामाघूम, आणि तळहात उभा धरून पुन्हा पुन्हा दाखवत होते. सरळ, सरळ. तिने ऐकलं. लहानपणापासून ऐकतच आली होती.

तिसऱ्या चेंडूला क्षितिजचा पाय अर्ध्यात अडकला. पुन्हा तोच खणखणाट.

सर उठले. “फिरकीला फसतो मुलगा. अजून वर्षभर मेहनत घ्या,” ते म्हणाले आणि जाता जाता शाल्मलीजवळ थांबले. “तू मात्र छान वळवतेस हं, बेटा.”

तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. जो चेंडू टाकलाच नाही, त्याची शाबासकी पदरात पडली होती.

गाडी फाटकाबाहेर गेली आणि संजयराव वळले. “तुले काय सांगतलं होतं मी? सरांपुढं टिमकी वाजवाले भावाचा गळा कापला तू! आता नागपूरचं नाव काढशील तर याद राख. उद्यापासून इथं पाय ठेवायचा नाही.”

“सिधेच टाकले, बाबा. एकही वळवला नाही.”

“मंग सर काय खोटं बोलले?”

“सर बाजूनं बसले होते. क्षितिजले विचारा ना. त्याले माहीत आहे.” ती जराही घाबरली नव्हती. भाऊ समोरच होता.

संजयराव मुलाकडे वळले. “सांग रे. वळले का बॉल?”

क्षितिज खाली वाकून पॅडचा पट्टा सोडत होता. त्याने एकदा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा आडव्या पडलेल्या स्टंपकडे. ताईकडे पाहिलं नाही.

“वळले, बाबा,” तो म्हणाला. “तिन्ही वळले.”