एकाच नावाची पॉलिसी

"एकाचंच नाव लिवता येईन, काकू," सुरेंद्र म्हणाला. "दोघाइचा हप्ता तुमाले झेपणार नाई."

सुरेंद्र हा केवळरामचा पुतण्या. नागभीडला राहायचा आणि विमा विकायचा. त्याच्या कमरेला नवाकोरा मोबाइल असायचा, पण या गावात तो कधी वाजला नाही. या वेळी त्यानं आणलेली पॉलिसी वेगळ्याच तऱ्हेची होती. माणूस मेल्यावर नव्हे, म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर कामी येणारी. उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला घरी बाई ठेवायची आणि तिचा पगार कंपनीनं द्यायचा.

"हिच्या नावानं लिव," केवळराम म्हणाला.

"नाई, याइच्याच नावानं लिव," देवकाबाई म्हणाली.

"ठरवा मंग निवांत. पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो," म्हणून सुरेंद्र गेला.

तोंडानं देवकाबाई तसं म्हणाली खरी, पण मनात धाकधूक होती. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. एकुलती लेक रिंकू लांब कोरपन्याला नांदत होती. उद्या केवळराम पडला तर त्याचं करायला देवकाबाई होतीच. ती पडली तर?

सासू चार वर्षं अंथरुणावर होती. देवकाबाईनं तिचं हगणंमुतणं काढलं. केवळराम दारातूनच विचारायचा, "माय, जेवली का?" आणि जाळं घेऊन तलावावर पळायचा. आईच्या अंथरुणाला त्यानं एकदाही हात लावला नाही. देवकाबाई ते विसरली नव्हती.

नवरा आपलं करील असं दिसलं, तर नाव खुशाल त्याचं लिहायचं. नाही दिसलं, तर लाजलज्जा सोडून आपलं. पण हे कळावं कसं? विचारलं असतं तर त्यानं हो म्हटलंच असतं. बोलाच्या कढीनं कोणाचं पोट भरलंय!

दुसऱ्या दिवशी केवळराम तलावावरून आला, तेव्हा देवकाबाई बाजेवर आडवी होती.

"अजी, माही कमर धरली. पाय उचलतच नाई."

केवळराम तिच्याकडे पाहत राहिला. मग मासळीची टोपली खाली ठेवून म्हणाला, "पडून राय." आणि तो आत निघून गेला.

झालं! सासूची कथा पुन्हा सुरू, असं देवकाबाईला वाटलं. पण थोड्या वेळानं चुलीचा धूर आला, भांडी पडल्याचा आवाज आला, आणि केवळराम पेज घेऊन बाहेर आला. पेज करपली होती. मीठ तर नव्हतंच. त्यानं शेजारी बसून वाटीभर पेज तिला चमच्यानं भरवली.

संध्याकाळी शेजारची सुकरी आली. तिचा नवरा पोचू पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला. अशाची लाथ कमरेत बसली की धरलेली कमर सुटते, म्हणून गावोगावची माणसं त्याच्याकडे यायची.

"पोचूले बोलावू का?" सुकरीनं विचारलं.

"नको," केवळराम म्हणाला. "आरामानं होईन बरी."

देवकाबाईचा जीव भांड्यात पडला. पोचूची लाथ बैलासारखी होती.

मग केवळरामनं पाणी तापवलं. दोरीवर लुगड्याचा आडोसा केला आणि बायकोला न्हाऊ घालायला बसला.

"लाज वाटते जी."

"कोणाची? माही?"

तिचं अंथरूण त्यानं तलावावर नेऊन स्वतः धुतलं, तेही बायकांच्या घाटावर. बाया हसल्या तर म्हणाला, "हसा, हसा." हे सुकरीनं येऊन सांगितलं, तेव्हा देवकाबाई भिंतीकडे तोंड करून रडली.

दुपारी घरात कोणी नसलं की ती उठायची, आळोखेपिळोखे द्यायची. खुंटीवरचं जाळं फाटलेलं होतं. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या बाईला फाटकं जाळं बघवत नाही. बसल्या बसल्या ती चार गाठी मारायची आणि जाळं होतं तिथं टांगून ठेवायची. केवळराम ते उतरवायचा आणि मुकाट्यानं तलावावर जायचा. बिचाऱ्याचं सगळं लक्ष माझ्या कमरेत, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी तिची वेणी घालता घालता तो म्हणाला, "मायचं मले जमलं नाई. तिले तसं पाहून हातच थरथरत होते. तू होती, म्हून मी पळालो."

इतक्या वर्षांचा राग देवकाबाईच्या मनातून उतरला. खरं सांगून टाकावं असं अगदी जिभेवर आलं होतं, पण तिनं जीभ चावली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. म्हातारपण येईना का आता, कधीही येवो!

बाजाराच्या दिवशी ती सकाळीच उठली आणि चूल पेटवली.

"बरं वाटून राह्यलं आता."

"बरं झालं," केवळराम म्हणाला.

दुपारी सुरेंद्र आला. त्यानं विचारण्याआधीच देवकाबाई बोलली, "याइचंच नाव लिव. माह्यासाठी हाये माणूस."

सुरेंद्रनं पेन काढलं.

"थांब, बापू," केवळराम म्हणाला. "आज नको लिवू. पुढच्या बाजाराले ये."

"काऊन जी?" देवकाबाईनं विचारलं. "आता काय पाहाचं राह्यलं?"

केवळरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी करून उशाला घेतला आणि बाजेवर आडवा झाला.

"माही परीक्षा झाली," तो डोळे मिटून म्हणाला. "आता आठ दिवस माही कमर धरली."