एकटीच परतले

सुट्टीसाठी हॉटेल ठरवायचं म्हणून ती दुपारी मोबाईल घेऊन बसली. भर चौकातलं, सगळं पायी फिरता येईल असं एक तिला पसंत पडलं. खाली कुणीतरी अभिप्राय लिहिला होता : ‘जागा सोयीची, खोली स्वच्छ. येताना मात्र मी एकटीच परतले.’

नाव तिचं होतं. फोटोही तिचाच. तारीख पुढच्या महिन्याची.

तिने दुसरं हॉटेल उघडलं, मग तिसरं. सगळीकडे तेच.

“अहो, आपण कुठेच जायला नको!”

“आता मध्येच काय गं हे तुझं?” नवरा आतल्या खोलीतून हसला. “मुलांनी आत्तापासूनच बॅगासुद्धा भरल्यात.”

“नाही म्हणजे नाही. घरीच राहायचं.”

तिने मोबाईलमधल्या नकाशावर स्वतःचं घर शोधलं. तिथेही तिच्याच नावाने लिहिलं होतं :

‘घर छान आहे. एकटीला फार मोठं पडतं.’