हैदराबाद, दीड तास

साईराजच्या ऑफिसातून बरीच माणसं काढून टाकली, पण त्याला म्हणे साहेबांनी उलट हैदराबादचं काम दिलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तो सकाळच्या विमानाने जायचा आणि रात्री जेवायला पूनम सागर सोसायटीतल्या घरी हजर. त्याच्या आईला, आशाताईंना, याचं कोण कौतुक! शेजारच्या हंसाबेनना त्या आपल्या हिंदीत ऐकवायच्या, "हैदराबाद छेसौ किलोमीटर है, पण विमानसे सिर्फ डेढ घंटा!"

आजही विमान सुटल्यावर त्यांनी तो दीड तास घड्याळाकडे बघत कसाबसा काढला आणि फोन लावला.

"आत्ताच उतरलो गं आई," साईराज म्हणाला. "बाहेर टॅक्सी शोधतोय."

तेवढ्यात खालून उत्तनच्या मार्थाची हाक आली. मासळीची टोपली घेऊन ती बिल्डिंगखाली आली की तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडायची, "ओ आशाताई, मांदेली हाय ताजी, घेनार न्हाय का?"

ती हाक आशाताईंना दोनदा ऐकू आली. एकदा खिडकीतून आणि एकदा फोनमधून.

खिडकीशी जाऊन खाली बघायचा आशाताईंना काही धीर होईना.



"बरं झालं पोचलास," त्या म्हणाल्या. "फक्त उन्हात बसू नकोस हं, बाळा."