पुसलेला नंबर

"नंबर कुठाय?" काउंटरवरच्या माणसाने पंप उलटा करून विचारलं.

पंप आईच्या हवेच्या गादीचा. काल दुपारी तो घरघरला आणि गप्प झाला. गादी बसली. आईच्या पाठीवरच्या जखमा, नुकत्या कुठे सुकायला लागलेल्या, पुन्हा कठीण पलंगाला टेकल्या. वॉरंटीचे चार महिने अजून बाकी होते. बाईंनी शाळेतून अर्धा दिवस रजा घेतली होती, पावती वहीत घालून सरळ ठेवून आणली होती. शाळेत त्यांना सगळे बाई म्हणत, घरीही तेच नाव चिकटलं होतं.

"इथे स्टिकर असतं. कुणी काढलं?"

कुणी काढलं ते बाईंना माहीत होतं. आईला सांभाळणाऱ्या सिस्टरला पुसायचं वेडच होतं. दाराची मूठ, औषधाच्या बाटल्या, रिमोट, जे हाताला लागेल ते ती स्पिरिटने पुसायची. पंप दुकानात जाणार म्हटल्यावर तिने तोही लख्ख केला. "आपल्या घरची घाण लोकांच्या हातात कशाला?" म्हणाली. आणि लगेच, सकाळपासून तिसऱ्यांदा, तिने तोच विषय काढला. उद्या दहाला मोठ्या इस्पितळात मुलाखत आहे, मूळ सर्टिफिकेटं दाखवावी लागतील. "संध्याकाळी बघू," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

"आतही नंबर असतो," माणूस म्हणाला. "कारखान्यात उघडून बघतील. नवा पंप आत्ता घेऊन जा. पण तोवर पूर्ण किंमत तुमच्या कार्डावर अडवून ठेवतो. जुना आमचाच निघाला की आपोआप सुटेल. तात्पुरतं आहे."

"पावती आहे ना माझ्याकडे!"

"पावती पंपाची आहे. पण हा तोच पंप, कशावरून?"

"म्हणजे मी चोर?"

"विश्वासाचा प्रश्न नाही, मॅडम. पद्धत आहे."

त्याने पेनाचं टोपण कानात घालून फिरवलं, बाहेर काढून बघितलं, शर्टाला पुसलं आणि त्याच हाताने कार्ड घेतलं. काउंटरवर कुणाच्या तरी चहाचं चिकट वर्तुळ होतं. त्यात बसून एक माशी पाय चोळत होती. मशीन किणकिणलं. बाईंच्या मोबाइलवर निरोप आला. पैसे गेले नव्हते. होते तिथेच होते. फक्त बाईंना त्यांना हात लावता येणार नव्हता.

घरी सिस्टरने नळ्या जोडल्या, बटण दाबलं. गादी हळूहळू फुलू लागली, झोपेतल्या बाळाच्या पोटासारखी. सिस्टरने आईला कुशीवर घेतलं.

"वळा गं आई वळा, पाठीवरी वारा खेळवा जरा," ती आपल्याच चालीत गुणगुणली.

तिने पट्टी सोडली. खोलीत तो वास पसरला. बाई नेहमीसारख्या दारातच थांबल्या, नाकाला रुमाल लावून. सिस्टर जखमेवर वाकून, फुलावरचं दव टिपावं तशी, एकेक कड टिपत होती. तिचा चेहरा जराही हलला नाही.

"अंगावर थुंकल्यासारखं वाटलं हो," बाई रुमालाआडून म्हणाल्या. "वीस वर्षं पेपर तपासतेय. कुणाचा अर्धा मार्क इकडचा तिकडे केला नाही. आणि तो कानकोरा मला पद्धत शिकवतो! माझं असून माझं नाही, हे काय झालं? किळस आली मला, सिस्टर. किळस."

"कधी सुटतील?" सिस्टरने मान वर न करता विचारलं.

"चौदा दिवस म्हणे. चौदा!"

सिस्टरने पट्टीची गाठ मारली. टोक आत खोचलं.

"माझं अडवून दोन वर्षं झाली, बाई."

पंप एका लयीत घुमत होता. आधीची सिस्टर एका सकाळी न सांगता गेली होती, आणि दुपारपर्यंत आई ओल्यात पडून होती. म्हणून ही कामावर आली त्याच दिवशी बाईंनी तिची सर्टिफिकेटची फाइल मागून घेतली होती, कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. तेव्हा तिने काहीतरी विचारलं होतं. "विश्वासाचा प्रश्न नाही, सिस्टर," बाई म्हणाल्या होत्या. पुढचे दोन शब्दही त्यांना आता आठवले.

उद्या ही दहाला जाईल. तिला नोकरी मिळेल. मग आईला कुशीवर कोण घेणार? रुमालाआड बाईंचे ओठ हलले. "उद्या संध्याकाळी..."

"दे गं तिचं तिला," भिंतीकडे तोंड करून आई म्हणाली. "मला ठेव की अडवून. मी कुठे पळून जाते?"

बाईंनी कपाट उघडलं. साड्यांच्या तळातून फाइल काढली. निळी, कोरी करकरीत, एक डाग नाही की धुळीचा कण नाही. सिस्टरच्या पुढे धरली.

सिस्टरने लगेच हात लावला नाही. आधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. मग फाइल घेतली आणि पुसली. पुढून, मागून, चारही कोपरे. दोन वर्षांत आईचं काय काय पुसताना तिचं नाक एकदाही मुरडलं नव्हतं.

आज मुरडलं.