पाण्याच्या बटणाची जागा

टॅब पुन्हा ‘पाणी’ म्हणाला आणि व्हरांड्यातले शामराव गुडघे धरून उठले. ग्लास घेऊन आत गेले, बायकोच्या पलंगाच्या कडेला बसले. अंजनाबाईंनी ग्लासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खिडकीत ग्लास, शिलाई मशीनवर ग्लास, सगळे काठोकाठ. खोटं कशाला सांगू, त्या उन्हाळ्यात रायपूरची खारून नदी वीतभर उतरली ती याच घरापायी. समता कॉलनीतल्या चिमण्या अंघोळीला इथेच यायच्या आणि टॉवेल मागायच्या.

लकव्यानं अंजनाबाईंची वाचा गेली होती. नात दीपमालानं त्यांना टॅबवर बोलती बटणं करून दिली. डाव्या हाताचं बोट टेकवलं की मशीनच्या कोरड्या आवाजात शब्द निघायचा. दीपमाला नवा रायपूरला ज्या कंपनीत होती, तिथलं सॉफ्टवेअर म्हणजे चौकटी मांडायच्या आणि रेघांनी जोडायच्या, की झाला प्रोग्राम. पण त्याला एक खोड होती. एक बटण काढून दुसरं बसवलं की रेघा तुटायच्या आणि नवं बटण भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसायचं. चहाचं बटण बदललं तेव्हा तेच झालं. अंजनाबाईंना अक्षरं नीट दिसत नव्हती, बोटाला फक्त जागा ठाऊक. बोट जुन्या जागी गेलं, काहीच वाजलं नाही. त्यांनी टॅब ढकलला, भिंतीकडे तोंड केलं आणि कितीतरी दिवस कुणाशीच बोलल्या नाहीत.

तेव्हापासून दीपमाला त्या अदलाबदलीच्याच मागे लागली. आता नवं बटण जुन्याची जागा घ्यायचं, आकार घ्यायचं, सगळ्या रेघाही जशाच्या तशा सांभाळायचं. आज तिनं पाण्याच्या बटणाला हात घातला.

‘काहून छेडते वं त्याले?’ शामराव घाबरले. ‘पुन्हा रुसली तं आता बोलायची नाही ते.’

‘आजोबा, आजी को प्यास नहीं लगती. तुम बाहर जाके बैठो.’

शामराव पुटपुटत बाहेर गेले. थोड्या वेळानं अंजनाबाईंचं बोट सवयीनं पाण्याच्या जागी टेकलं.

‘शामराव!’

आवाज मशीनचा नव्हता. अंजनाबाईंचा होता, चांगला खणखणीत. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याला ‘अवो’ सोडून हाक मारली नव्हती. नाव तोंडातून निघालं ते एकदाच, लेकाच्या, सचिनच्या लग्नात, बायकांनी गराडा घालून उखाणा घ्यायला लावला तेव्हा. त्या व्हिडिओतल्या बँडच्या गोंधळातून दीपमालानं तेवढा एक शब्द वेचून आणला होता.

अंजनाबाई दचकल्या. पदर तोंडावर ओढला. दीपमालाला वाटलं, आता टॅब जातो भिंतीवर.

पदराआडून हळूच बोट निघालं. त्याच जागी टेकलं.

‘शामराव!’

एरवी पहिल्या शब्दाला उठणारा माणूस आलाच नाही. दीपमाला बाहेर धावली. शामराव दाराची चौकट धरून उभे होते.

‘आजोबा, जाओ ना! बुला रही है!’

‘थांब वं पोट्टे,’ ते कुजबुजले. ‘अजून एक डाव बलवू दे तिले.’